प्रतिसर्पविष
प्रतिसर्पविष : सर्पविष निष्प्रभ करणारे, सामान्यतः घोड्याच्या रक्तरसापासून तयार केलेले औषध. विषाच्या वाढत्या मात्रा टोचल्याने घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात. ती शुद्ध करून रुग्णाच्या शिरेतून देतात. फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९४-९५ मध्ये नागविषावर असा रक्तरस तयार केला व तो सर्वच सर्पविषांवर चालेल, असे मानले. मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत (नंतरची हाफकिन संस्था) जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो घोणशीच्या विषावर निरुपयोगी असल्याचे दाखविले. म्हणून भारतात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवरील संयुक्त प्रतिविष रूढ झाले. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ते तयार केले.

हे तत्त्व दुर्लक्षिले गेल्यास औषध असूनही रुग्ण दगावतात. घानाच्या ग्रामीण भागात २००४ च्या सुमारास तेथील फुरशाच्या दंशावर भारतीय फुरशाच्या विषापासून केलेले प्रतिविष वापरले गेले. अभ्यासलेल्या रुग्णांतील मृत्युप्रमाण सुमारे २ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातही एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशपरत्वे भिन्न असते. उत्पादकांना मिळणारे विष मात्र बव्हंशी तमिळनाडूतील सापांचे असते. त्यामुळे प्रादेशिक प्रतिविषांची आवश्यकता प्रतिपादिली जाते.