चराई व वनांची पुनरुत्पत्ती (खुलताबाद परिसर)

खुलताबाद, म्हैसमाळ, सुलीभंजन व देवगिरी (दौलताबाद) या डोंगरभागातील शुष्क पानझडी वनावर गुरांच्या आणि विशेषतः शेळ्यांच्या चराईचा होणारा परिणाम. साग, धावडा, सालई, खैर, पळस ही येथील ओळखीची झाडे. वनतज्ज्ञ चँपियन व सेठ यांनी भारतीय वनांच्या १९६८ च्या वर्गीकरणात चराई व तोडीने खुरटलेल्या अशा वनाला स्वतंत्र अवनत अवस्था मानले आहे.

रोपांची स्थिती : जुन्या झाडांखाली निरनिराळ्या वयांची रोपे असली तरच वन पुढे चालते. चराईच्या उतारावर गुडघ्याएवढे धावड्याचे झुडूप दिसते. बुंधा अंगठ्याएवढा जाड, शेंडे मात्र कात्रीने छाटल्यासारखे. दर पावसाळ्यात ते फुटते आणि उन्हाळ्यापर्यंत खाल्ले जाते. वरवर रोप वाटले, तरी त्याचे वय बरेच असते. धावड्याच्या बियांत रुजणाऱ्या मुळातच थोड्या, त्यामुळे ही हानी सहज भरून निघत नाही. सागाच्या खरखरीत पानांना जनावर सहसा तोंड लावत नाही. त्याचे धुमारे तगतात. शिवाय मुरमाड जमीन खुरांनी दबते व पाणी मुरत नाही.

सीताफळ : या डोंगरांची आजची ओळखच सीताफळ आहे. दौलताबादचे सीताफळ बाजारात नावाने विकले जाते. शेळी त्याचा पाला खात नाही, आणि उघड्या, दगडी उतारावर ते चांगले पसरते. येथील त्याच्या दाटीमागे हे एक मोठे कारण आहे. तरवड, रुई व घाणेरी यांचेही तसेच. म्हणजे डोंगरावर काय उरेल हे बव्हंशी शेळी काय टाळते यावर ठरते. सीताफळ मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील मानतात. 

जाळी : बोरीच्या काटेरी जाळीत शेळीचे तोंड पोचत नाही. पाखरांनी टाकलेली निंबोळी तेथे रुजते आणि निंब जाळीतून वर येतो. ओकच्या वनांतही हेच घडते : इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये काटेरी झुडपांच्या आडोशाने ओकची रोपे वाचतात. फ्रान्स वेरा या डच अभ्यासकाने २००० साली इंग्रजीत आलेल्या ग्रंथात यावरून चरणाऱ्या प्राण्यांनी घडवलेल्या वनांची कल्पना मांडली. ती वादग्रस्त आहे. काही झाडांचा प्रसार मात्र चराईनेच होतो : बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात व तिचे बी लेंड्यांतून दूरवर जाते.

कायदा : राखीव वनात गुरे सोडण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार मनाई आहे; मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यात वननिवासींचा चराईचा हक्क मान्य केला आहे.

गायरान : गावांची सामाईक चराऊ गायराने आक्रसल्याने चराईचा भार वनावर आला.

चराईबंदी : राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांत ती कुऱ्हाडबंदीसोबत राबवली गेली. बंदीनंतर प्रथम पवना, कुसळी यांसारखे गवत परतते. झाडांना वेळ लागतो. न चरलेले गवत वाळून वणव्याचा धोका वाढतो, म्हणून ते विळ्याने कापून न्यावे लागते आणि उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढाव्या लागतात.