न लढलेल्या लढाया

१८७१ साली 'ब्लॅकवुड्स मॅगझीन'मध्ये 'द बॅटल ऑफ डॉर्किंग' ही कथा निनावी छापून आली. जर्मनभाषक फौज इंग्लंडात उतरते आणि गाफील इंग्लंड हरते, एवढेच कथानक. लेखक जॉर्ज चेस्नी हे बंगाल इंजिनिअर्समधले अधिकारी, १८५७च्या दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेले. सैन्य सुधारा असे सांगणारा अहवाल त्यांनी लिहिला असता, तर तो दप्तरी दाखल झाला असता. कथेने मात्र अशी खळबळ उडवली की पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना जाहीर भाषणात तिचा समाचार घ्यावा लागला. सैनिकी पेशा आणि विज्ञानकथा यांची सोयरीक इतकी जुनी. अमेरिकेच्या मरीन कोअरने 'स्टारशिप ट्रूपर्स' आणि 'एंडर्स गेम' या कादंबऱ्या आपल्या वाचनयादीत घातल्या, याचे नवल वाटायला नको.

या वाटेवर येणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचे स्वागत करतानाच एका मोहापासून सावध करतो. एच. जी. वेल्स यांनी १९०३ मध्ये कथेत चिलखती लढाऊ यंत्रे आणली आणि १९१६ मध्ये सोमच्या लढाईत खरे रणगाडे उतरले, हा दाखला आवडीने दिला जातो. दाखला खरा आहे; पण भाकीत खरे ठरले म्हणून पलटणीतली माणसे आपले ऐकू लागत नाहीत.

माणसांसाठी जो हाल्डमन वाचावेत. ते व्हिएतनाममध्ये लढले, जबर जखमी झाले, आणि १९७४ मध्ये त्यांची 'द फॉरएव्हर वॉर' आली. तिचा नायक मँडेला ताऱ्यांपलीकडे लढायला जातो. त्याचे काही महिने सरतात तोवर पृथ्वीवर दशके, पुढे शतके उलटतात. साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस मुख्यतः जिवंत राहिल्यामुळे मेजर होतो. युद्धशास्त्र त्याच्या डोक्यात यंत्राने भरलेले असते. हाताखालचे सैनिक मात्र त्याच्यानंतर कित्येक शतकांनी जन्मलेले; त्याची भाषा, त्याच्या प्रेमाच्या कल्पना, सारेच त्यांना विचित्र वाटते. त्यातला एक तर त्याच्या जिवावर उठतो. आपल्याकडे बाविशीतला लेफ्टनंट पलटणीत दाखल होतो, तेव्हा हाताखालच्या सुभेदाराची नोकरीच जवळपास त्याच्या वयाइतकी झालेली असते. तिथे शतकांचे अंतर नसते, पण अवघडलेपण त्याच जातीचे. हाल्डमन मँडेलाला यातून खोटी वाट काढून देत नाहीत, म्हणून हे पुस्तक मला सर्वांत मोलाचे वाटते.

रॉबर्ट हाइनलाइन यांचे 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) त्याच्या शेजारी ठेवावे. हाइनलाइन १९२९ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले आणि क्षयामुळे १९३४ मध्ये निवृत्त झाले. प्रत्यक्ष लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांच्या शिस्तीला इतकी झळाळी त्यामुळेच असावी, असा माझा संशय.

'एंडर्स गेम' पहिल्यांदा खुशाल डावपेचांसाठी वाचा. दुसऱ्या वाचनात नजर कर्नल ग्राफवर असू द्या. सराव आहे असे सांगून पोरांकडून खरे युद्ध लढवून घेणाऱ्यांत तो आहे. (शेवट फोडल्याबद्दल क्षमस्व.)

सुरुवात मात्र आर्थर क्लार्क यांच्या 'सुपिरिऑरिटी'ने (१९५१) करावी. ती एका बैठकीत संपते. पराभूत सेनानी कैदेतून सांगतो की आमची शस्त्रे सरस होती, म्हणूनच आम्ही हरलो. महायुद्धात रडारवर काम केलेल्या क्लार्क यांना नव्या यंत्रांचे रुसवेफुगवे चांगलेच ठाऊक होते.

आणि जयंत नारळीकरांचे 'गंगाधरपंतांचे पानिपत' मराठी वाचकाच्या हाताशी आहेच. तिथे विश्वासरावांवरचा नेम चुकतो, गोळी चाटून जाते आणि मराठे जिंकतात. अधिकाऱ्याने त्या कथेत न घडलेली बाजू तपासावी: विश्वासराव पडलेच, तर पुढचा हुकूम कुणाचा, हे किती सरदारांना आधी सांगून ठेवले होते?