सागरतीरींचे मुक्काम

मोटारीलाच बिऱ्हाड करून हिंडण्याची हौस आपल्याकडेहि रुजत आहे. अशा प्रवाशानें पालघरच्या किनाऱ्यानें उत्तरेस जातांना मुक्काम कोठें करावे? केवळ सुरूच्या बनाची शोभा पाहून ते ठरवूं नयेत. केळवें, माहीम, शिरगांव व तारापूर अशी पोर्तुगीजांच्या ठाण्यांची माळच त्या वाटेवर आहे. चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं हीं ठाणीं १७३९ च्या जानेवारींत जिंकिलीं. त्यानंतरच मे महिन्यांत वसई पडली. अहमदाबादच्या महामार्गानें धांवणारास यांतलें एकहि दिसत नाहीं. त्यासाठीं मनोरहून पालघरकडे वळावयास हवें.

पहिला मुक्काम केळव्यास असावा. माहीम तेथून जवळच आहे. दुसरा शिरगांवास व शेवटचा तारापुरास. गाडी भरतीच्या रेषेपासून दूर, ग्रामस्थांस विचारून उभी करावी, आणि तटापर्यंत पायीं जावें.

तारापूर म्हणतांच आज १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीज केंद्रच आठवतें. परंतु याच तारापुरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले, हें बोईसरास उतरणाऱ्या किती जणांस ठाऊक असतें? तेथें एक रात्र काढणारानें निदान तें नांव आठवावें, एवढीच आमची विनंती.