पूर्वजवेदी, व्हिएटनामी
व्हिएटनामी कुटुंबात दिवंगत पूर्वजांच्या पूजेसाठी घरातच मांडलेली वेदी. तिला ‘बान थो’ म्हणतात. मृत्यूनंतरही पूर्वज वंशजांच्या सुखदुःखांत सहभागी असतात, अशी यामागील श्रद्धा आहे. सु. एक हजार वर्षांच्या चिनी अंमलात मूळच्या लोकश्रद्धांवर कन्फ्यूशसप्रणीत पितृभक्तीचा संस्कार झाला.

पारंपरिक घरात वेदी मधल्या दालनात असते. तिच्यावर उदबत्त्यांचे पात्र, दिवे, फुले, फळे इ. ठेवतात. पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पट्ट्यांची जागा पुढे बहुधा छायाचित्रांनी घेतली. चांद्र पंचांगानुसार येणाऱ्या पुण्यतिथीला अन्न प्रथम वेदीवर ठेवून मग आप्तेष्ट एकत्र जेवतात. ‘तेत’ या नववर्षोत्सवात पूर्वजांना घरी निमंत्रिले जाते, तर विवाहप्रसंगी वधूवर वेदीपुढे नमस्कार करतात.

पूजेची जबाबदारी मुख्यतः ज्येष्ठ पुत्राकडे असते. तिच्या खर्चासाठी राखून ठेवलेल्या मालमत्तेस ‘हुओंग होआ’ (धूप व अग्नी) म्हणत. ले राजवंशाच्या पंधराव्या शतकातील हाँग डुक संहितेने संपत्तीचा विसावा हिस्सा यासाठी ठरवून दिला होता. पुत्र नसल्यास तो ज्येष्ठ कन्येकडे जाई. वेदी अशा रीतीने वारसाहक्काशीही निगडित होती.

कॅथलिक धर्मांतरितांपुढे मात्र चर्च की पूर्वज, असा पेच उभा राहिला. चौदावा बेनेडिक्ट या पोपने १७४२ मध्ये चिनी पूर्वजविधींवरील बंदी कायम केली. तिचा परिणाम व्हिएटनाममध्येही झाला. तेथील बिशपांनी १९६५ मध्ये पूर्वजांना वंदन करण्यास मुभा दिली.

घराबाहेर अपघाती वा हिंसक मृत्यू आलेल्यांचे आत्मे भटकत राहतात, अशी लोकसमजूत आहे. त्यामुळे १९७५ मध्ये संपलेल्या युद्धातील असंख्य बेपत्ता मृतांचा प्रश्न कुटुंबांना विशेष जाचक ठरला. दक्षिणेत अनेक घरांतील पुत्र परस्परविरोधी सैन्यांत लढले होते. क्रांतिपक्षाच्या हुतात्म्यांना शासकीय सन्मान लाभला. पराभूत पक्षाच्या सैनिकांचे उघड स्मरण मात्र अवघड झाले. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर निर्बंध सैल होऊन गृहविधींचे पुनरुज्जीवन झाले. काही कुटुंबांनी दोन्ही बाजूंच्या मृतांची छायाचित्रे एकाच वेदीवर ठेवली. राज्याने शत्रू व मित्र म्हणून वेगळे केलेले भाऊ कुटुंबाच्या दृष्टीने पुन्हा केवळ भाऊ ठरले.