बिऱ्हाड चाकांवर : गाडा की छकडा?

जुन्नर तालुक्यातल्या आळेफाट्याच्या चौकात पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे (पूर्वीच्या अहमदनगरकडे) जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. उसाचे ट्रॅक्टर, कांद्याचे ट्रक आणि एसटी यांच्या गर्दीत इथे क्वचित एखादी कॅरॅव्हॅनही दिसते. झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि संडास, सगळे गाडीतच. काही बसएवढ्या लांबलचक, त्यांना मोटारहोम म्हणतात. काही आपल्या ओळखीच्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढ्या, त्या कॅम्परव्हॅन. फिरायला जायचे तर यातली कोणती घ्यावी? वर्गात विचारून पाहा. बहुतेक हात मोठ्या गाडीसाठी वर होतील. आम्हीही आधी तेच म्हटले असते. पण बिऱ्हाड बरोबर घेऊन फिरण्याचा इतिहास चाळला, तेव्हा आमचे मत बदलले.

सुरुवात जुन्नरपासूनच करू. कल्याण बंदरातला माल सातवाहनांच्या काळात नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. घाटातले नागनिकेच्या लेखाचे लेणे आणि माथ्यावरचा दगडी रांजण अनेकांनी सहलीत पाहिला असेल. (त्या लेखातले अंक हा गणिताच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र विषय आहे.) ही वाट मात्र दगडांच्या पायऱ्यांची आहे. तिच्यावरून चाक जात नाही. पुढच्या काळातही सह्याद्रीच्या अशा वाटांवर वाहतूक चाले ती पाठीवर गोणी लादलेल्या बैलांची. मीठ आणि धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यात बायकामुले, भांडीकुंडी, सगळेच बैलांबरोबर असे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे हे बिऱ्हाड खरोखरच बैलाच्या पाठीवर होते. त्याचा एकेक हिस्सा एका बैलाला पेलेल एवढाच, म्हणून ते कोणताही घाट चढू शके.

चाकाच्या गाड्या मुंबईहून देशावर सहज येऊ लागल्या त्या फार उशिरा. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत 1830 साली खुला झाला. पण रस्ता झाला म्हणून गाडी तयार नव्हती. तेव्हा देशावर जो गाडा वापरत, त्याची चाके भरीव लाकडाची किंवा चक्क दगडाची असत. तो ओढायला सहा-आठ बैल लागत आणि त्यांची बरीचशी ताकद गाड्याचे स्वतःचे वजन हलवण्यातच खर्ची पडे. 1836 च्या सुमारास जमीन मोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या लेफ्टनंटने सोलापूर रस्त्यावरच्या टेंभुर्णीला हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. आऱ्यांची चाके, त्यांना लोखंडी धाव, आणि ओढायला एकच बैलजोडी. अशा गाड्यांचा प्रसार झाला आणि देशावरच्या शेतमालाची वाहतूक बदलून गेली. ओझे वाहण्याची शर्यत गाड्याने नव्हे, तर छकड्याच्या जातीच्या गाडीने जिंकली.

इंग्रज कलेक्टर हिवाळ्यात जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघत, तेव्हा त्यांचेही बिऱ्हाड बरोबर असे. तंबू, खुर्च्या, कागदपत्रांच्या पेट्या आणि आचारी. तंबूंचे दोन संच ठेवायची पद्धत होती. साहेब एका मुक्कामी झोपलेला असताना दुसरा संच बैलगाड्यांवरून पुढच्या गावी रवाना होई. साहेब स्वतः सकाळी घोड्यावरून जाई. म्हणजे बिऱ्हाड मोठे आणि संथ, पण त्याचा मालक मात्र हलका आणि चपळ. ही जोडी आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

केवळ हौसेने, सहलीसाठी चाकांवरचे घर बांधून घेणाऱ्यांत पहिला मान देतात तो डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांना. हे ब्रिटिश नौदलातले निवृत्त डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहीत. जिप्सींच्या गाड्या पाहून त्यांनी 1885 साली ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी गाडी करून घेतली आणि तिला 'वाँडरर' म्हणजे 'भटक्या' असे नाव दिले. महोगनीसारखे उंची लाकूड, आत पुस्तकांचे कपाट. वजन सुमारे दोन टन आणि ओढायला दोन घोडे. त्याच वर्षी ते इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून निघून स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत गेले. प्रवास रमणीय झाला, पण चढावर घोडे मेटाकुटीला येत. गाडी एवढी मोठी, की अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाई! गाडी आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेली आहे. आम्हाला मात्र महोगनीपेक्षा ती तीनचाकी सायकल अधिक लक्षात राहिली.

मोटारीच्या युगात हाच खेळ पुन्हा रंगला. जर्मनीत 1950 साली फोक्सवागनची छोटी व्हॅन बाजारात आली. इंजिन जेमतेम 25 अश्वशक्तीचे. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवता-काढता येईल असे घरगुती सामान तयार केले. आठवडाभर माल वाहायचा आणि सुट्टीत त्याच गाडीत झोपायचे. अमेरिकेत दुसरे टोक गाठले गेले. तिथली मोठी मोटारहोम बारा मीटरपर्यंत आणि त्याहूनही लांब असतात. एकदा मुक्काम पडला की दूध-भाजीसाठी एवढे धूड हलवणार कोण? म्हणून कित्येक जण मागे एक छोटी मोटार बांधून नेतात. साहेबाचा घोडा आणि डॉक्टरांच्या नोकराची सायकल ती हीच!

आपल्याकडे कॅम्परव्हॅन हा शब्द यायच्या आधीच ती वस्तू येऊन गेली असे आम्हाला वाटते. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची मॅटाडोर 1969 पासून रस्त्यावर आली. ओझर आणि लेण्याद्री, अष्टविनायकांतले हे दोन गणपती जुन्नर तालुक्यातच आहेत. मॅटाडोर ठरवून, टपावर गाद्या आणि आत स्टोव्ह, शिधा नि पिंप घेऊन निघालेली कुटुंबे पुष्कळांना आठवत असतील. संडास नव्हता एवढेच.

आता थोडे गणित. वर्गात फळ्यावर करता येईल. मोठे मोटारहोम 12 टन आणि छोटी व्हॅन साडेतीन टन धरू. घाट सोपेपणासाठी 500 मीटर उंचीचा समजू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की मोठ्या गाडीची स्थितिज ऊर्जा येते सुमारे 5 कोटी 88 लाख ज्यूल, लहान गाडीची 1 कोटी 71 लाख. चढताना ही ऊर्जा डिझेलमधून येते, हे सगळ्यांना कळते. उतरताना तीच ऊर्जा कुठे जाते, हा खरा प्रश्न. हवेच्या आणि टायरच्या विरोधात थोडी खर्च होते, बाकीची उष्णता होऊन ब्रेक आणि इंजिनाच्या वाट्याला येते. मोठ्या गाडीची ही सगळी उष्णता एकत्र केली तर 25 अंशांचे सुमारे 187 लिटर पाणी उकळीला येईल, लहान गाडीच्या उष्णतेने 55 लिटर. घाट ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम यातूनच आला. सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर पडली, तर ते तापून ऐन वळणावर दगा देतात.

रस्त्याचाही विचार हवा. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात खास रस्ते बांधून त्यांच्यावरून ट्रक सतत चालवून पाहिले. त्यातून असा ढोबळ नियम मिळाला, की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आपल्या दोन्ही गाड्यांना दोनच आस धरले, तर भाराचे प्रमाण 3.43 पट आणि झीज सुमारे 138 पट. चार चाळीस टनी ट्रक जाणाऱ्या महामार्गाला याचे काही वाटणार नाही. पण लेण्याद्रीच्या किंवा घाटघरच्या बाजूचे लहान रस्ते तसे नाहीत.

मग मोठी गाडी निरुपयोगी का? तसे नाही. मुंबईच्या चित्रनगरीतल्या व्हॅनिटी व्हॅन मोठ्याच असतात, कारण त्या दिवसभर एका जागी उभ्या राहतात. घरात चाकाची खुर्ची वापरणारे कोणी असेल, तर रुंद दार आणि प्रशस्त संडास ही चैन नव्हे, गरज आहे. रस्ता रुंद, मुक्काम थोडे आणि प्रत्येक मुक्कामी राहणे लांबलचक असेल, तर मोठी गाडी घ्यावी. रोज नवे गाव आणि अधूनमधून घाट असेल, तर आमचे मत छोटीला.

शासनाने 2018 साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले आणि 2021 साली राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आले. गाड्या येतील तशी आणखी एक बाब पुढे येईल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मोठ्या गाडीच्या टाकीत 300 लिटर पाणी भरले, तर चार-पाच माणसांचे वजन आणखी चढले. ते पाणी वापरले की नाहीसे होत नाही, सांडपाणी आणि मैला होऊन दुसऱ्या टाकीत जमते. ही टाकी रिकामी कुठे करायची? कॅरॅव्हॅन उभी करायला माळशेजच्या वाटेवरच्या पिंपळगाव जोगा जलाशयाचा काठ कोणालाही आवडेल. कुकडी प्रकल्पाच्या त्या पाण्यावर खालची गावे अवलंबून आहेत. मैला उपसण्याची सोय असलेला तळ जवळ नसेल, तर मोठी टाकी म्हणजे फक्त दोन दिवस पुढे ढकललेला प्रश्न. छोट्या व्हॅनमधला वीस लिटरचा डबा निदान हातात धरून गावातल्या संडासापर्यंत नेता येतो.