आग्वादची बार आणि 1510 चा पावसाळा



आमचे बाबा बार्जवर होते. मांडवीच्या वरच्या अंगाला खनिज भरायचं आणि मुरगाव बंदरात जहाजाला द्यायचं, हे काम. जून लागला की घरी येऊन चप्पल काढता काढताच आईला सांगायचे, "बार बंद झाली गो." आईला कळायचं, आता लांबचा फेरा. मला मात्र बरीच वर्षं वाटायचं की गावातला दारूचा बार बंद झाला, आणि त्यात बाबांनी एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे!

ही बार म्हणजे मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ पाण्याखाली असलेला वाळूचा दांडा. उन्हाळ्यात अरबी समुद्र शांत असतो, तेव्हा तो कोणाला जाणवत नाही. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो. दूरवरून आलेल्या मोठ्या लाटा उथळ पाण्यात चढतात आणि दांड्यावर फुटतात. त्यातच घाटात कोसळलेला पाऊस नदीतून खाली येतो. आतून पूर, बाहेरून लाट, या दोघांच्या मधे होडी सापडली की संपलं. झुवारीच्या मुखाला तशी अडचण कमी, कारण मुरगावचं डोंगरी टोक लाटा अंगावर घेतं. म्हणून पावसाळ्यात बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून मांडवीतून झुवारीत उतरायच्या आणि तिथून मुरगाव गाठायच्या. बाबा म्हणायचे, "काठावर मगरी पडलेल्या असतात, पण दर्यापेक्षा त्या बऱ्या."

शाळेत आम्हाला 25 नोव्हेंबर 1510 ही तारीख पाठ करायला लावली होती. त्या दिवशी आफोन्सो द आल्बुकेर्कनं गोवा घेतला. पण त्यानं गोवा त्याच वर्षी एकदा आधीही घेतला होता आणि घालवलाही होता, हे मला फार उशिरा कळलं. वर्षाच्या सुरुवातीला शहर त्याच्या हाती आलं. मे महिन्यात विजापूरची फौज चालून आली आणि पोर्तुगीजांना शहर सोडून जहाजांवर पळावं लागलं. समुद्र समोर होता, जहाजं तयार होती, पण पावसाळा तोंडावर आलेला. बार बंद!

ऑगस्टपर्यंत ते आरमार मांडवीतच अडकून पडलं. काठावरून तोफांचा मारा, वर धो धो पाऊस. खाण्याचे हाल तर असे झाले की उंदीर आणि पेट्यांवरचं चामडं उकडून खाल्ल्याचं त्यांच्याच बखरकारांनी लिहून ठेवलंय. ऑगस्टमध्ये वाट मोकळी झाल्यावर ते बाहेर पडले आणि नोव्हेंबरमध्ये, समुद्र निवल्यावर, तिमोजाच्या मदतीनं परत आले. पुढची साडेचारशे वर्षं आपल्याला ठाऊक आहेत.

गंमत म्हणजे ज्या वाऱ्यानं त्यांना कोंडलं, त्याच वाऱ्याच्या भरवशावर त्यांचा सगळा व्यापार होता. लिस्बनहून मार्च-एप्रिलला निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला गोव्यात पोचायची आणि परतीला वारा फिरण्याची वाट बघायची. समुद्राचं पंचांग राजालाही चुकलं नाही.

आणि हाच वारा आपलं ताट भरतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं, त्याच्या जागी खालचं थंड, सकस पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यावर तारले, बांगडे पोसतात. सरकारची 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची ट्रॉलरबंदी आता कायद्यात आहे. पण नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी घालायची नाही, हे आमच्या खारवी शेजाऱ्यांना कोणत्या कायद्यानं सांगितलं नव्हतं.

2017 च्या जुलैत एक कॅसिनो जहाज भर पावसाळ्यात मांडवीत शिरायला गेलं आणि मिरामारच्या वाळूत रुतलं. बातमी लागली तेव्हा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होता. बाबांनी चष्मा न लावताच विचारलं, "महिना कुठला?"

"जुलै, आजोबा."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि परत जेवायला लागले.

त्या रात्री मी मुलाला 1510 ची गोष्ट सांगितली. तारीख त्याला पाठ होतीच. बार कुठे आहे, ते मात्र आजोबांनी ताटातल्या भातावर बोटानं रेघ ओढून दाखवलं.

तुमच्या घरी पावसाळ्यात दर्या बंद झाल्यावर काय चालायचं? आठवत असेल तर जरूर लिहा.