कोंबडीच्या पायाखालचे शास्त्र

ब्रॉयलर कोंबडी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते. त्यातले बरेचसे विष्ठेवाटे खाली येते आणि ते पेलायचे काम शेडमध्ये अंथरलेल्या दोन-तीन इंचांच्या थरावर, म्हणजेच लिटरवर पडते. तरी खाद्य, लस आणि जाती यांच्याइतकी चर्चा लिटरच्या वाट्याला येत नाही. आपल्याकडे गादी पद्धत म्हटली की भाताचे तूस, असे समीकरणच होऊन बसले आहे. पण हेच तूस बॉयलर आणि वीटभट्ट्यांनाही हवे असते. ते महागले किंवा मिळेनासे झाले, की पर्यायांचा शोध सुरू होतो.

नवखा अभ्यासक आधी विचारतो, कोणता माल जास्त पाणी शोषतो? हा प्रश्न अर्धाच आहे. शोषलेले पाणी माल किती लवकर सोडतो, हा उरलेला अर्धा भाग, आणि शेडमध्ये बहुधा त्यावरच निकाल लागतो. तूस फारसे शोषत नाही. पण त्यातून हवा खेळते, ते चटकन सुकते आणि त्यातल्या सिलिकामुळे सहजी कुजत नाही. साखर कारखान्याचा बगॅस भरपूर पाणी पितो, पण लवकर सोडत नाही. मग त्याच्या ढेपा होतात आणि तो नीट वाळवलेला नसेल तर बुरशी धरतो. लिटरचा ओलावा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असलेला बरा. तो तिशीपलीकडे गेला की जिवाणू युरिक आम्लापासून झपाट्याने अमोनिया तयार करतात. पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, तळपायांना जखमा होतात.

शिवाय प्रत्येक माल आपला पूर्वेतिहास घेऊन शेडमध्ये येतो. भुईमुगाच्या टरफलांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते. लाकडाचा भुसा फार बारीक असला तर पिल्ले तो टिपून खातात. आणि लाकडाला ते टिकवण्यासाठी पेंटाक्लोरोफिनॉल हे रसायन लावलेले असेल, तर बुरशी त्याचे असे रूपांतर करते की अंड्यामांसाला कुबट वास येतो. गव्हाचे काड लांब राहिले तर त्याची चटई बनते. पऱ्हाट्या आणि मक्याची बुरकुंडे बारीक केल्याशिवाय अंथरताच येत नाहीत.

म्हणून ‘सर्वोत्तम लिटर’ असे उत्तर येथे शोधू नये. कोकणातला जुलै आणि विदर्भातला एप्रिल एकाच मालाला दोन वेगळे निकाल देतात. या विषयात पशुवैद्यकाइतकेच अभियंत्याचे, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे आणि शेडमालकाचेही स्वागत आहे. सुरुवातीला प्रयोगशाळाही लागत नाही. मूठभर लिटर दाबून पाहावे : गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, अजिबात बांधला गेला नाही तर धूळ होणार, आणि बांधला जाऊन अलगद सुटला तर लिटर चांगले. हे रोज एकाच वेळी, शेडच्या त्याच जागी करून वहीत नोंदवणारा माणूस या शास्त्रात दाखल झालेलाच असतो.